कारण सांगा, मग पुडा उघडते

ता. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
बाळीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पाकीट पाहून तू आधी चष्मा पुसशील आणि मग म्हणशील, की फोन असताना या बयेला कागद खरडायची काय गरज पडली. गरज अशी, की फोनवर तू हं, हो आणि ठीक आहे याच्या पुढे जात नाहीस. पत्राला मात्र पत्रानेच आणि पूर्ण उत्तर द्यायचं, हा तुझा जुना बाणा मला माहीत आहे. मी वसतिगृहात असताना तू माझी पत्रं लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचास, ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हा आता लाल शाई काढ, पण उत्तर लिही.

परवा बसने तुझ्या घरी जाऊन आले. कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, झाडून काढलं. स्वयंपाकघराच्या दाराला तू वहिनी गेल्यावर जी कडी घातलीस ती तशीच आहे. मी हात लावला नाही. बाहेरच्या खोलीतली तुझी विजेची किटली आणि एकुलता एक कप बघून मात्र मला भडभडून आलं. डबा देणाऱ्या काकू जिन्यात भेटल्या. साहेब कधी येणार, म्हणून विचारत होत्या. डबा जसाच्या तसा परत यायचा तेव्हा वाईट वाटायचं, पण आता डबाच जात नाही त्याचं जास्त वाटतं, असं म्हणाल्या. शेजारच्या बाईंनी तुझी कुंडी जगवली आहे.

आमची ठकी कशी आहे? तुझी लेक परदेशात दातांची डॉक्टर झाल्यापासून मला तिच्यासमोर हसायची भीती वाटते. तू तिच्याकडे गेलास म्हणजे एव्हाना तुझे दात तपासून झाले असतील आणि तुझाही तिचा दवाखाना तपासून झाला असेल.

आता कामाचं. येताना काहीतरी खायला आण. वहिनीचा नियम लक्षात आहे ना? तू अन्न तपासायच्या नोकरीच्या दौऱ्यावरून काहीही आणलंस तरी, कारण सांगा, मग पुडा उघडते, असं म्हणून ती पुडा पोटाशी धरून बसायची. आणि तू एकदा, परमेश्वरा, मीठ आणलं होतंस! गावोगावचा खाऊ सोडून मीठ! कारण काय, तर इतकं शुद्ध मीठ तू प्रयोगशाळेत कधी तपासलं नव्हतंस. लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून एवढी स्तुती कुणाचीच ऐकली नव्हती आणि ती मिठाच्या वाट्याला गेली, असं म्हणत वहिनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. ती बरणी तिने शेवटपर्यंत ठेवली.

तो नियम आता माझ्याकडे आला आहे. मुदत आणि वजन ही कारणं चालणार नाहीत. तुला स्वतःला आवडलेलं आण.

यजमानांचा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बाळी

ता. १४ फेब्रुवारी

चि. सौ. बाळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे ३ तारखेचे पत्र काल पावले. घर झाडल्याबद्दल आभारी आहे. शेजारच्या बाईंनाही माझे आभार कळवावेत. कुंडीस रोज पाणी घातल्यास मुळे कुजतात, एवढे त्यांना सौम्य शब्दांत सांगावे.

माझी प्रकृती ठीक आहे. चि. ठकीचे घर तिसऱ्या मजल्यावर असून तीन खोल्यांचे आहे. सर्वत्र जाड सतरंज्या अंथरलेल्या असल्यामुळे चालल्याचा आवाज येत नाही. दारेही आपोआप, आवाज न करता मिटतात. कोण घरात आहे आणि कोण नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. ती सकाळी दवाखान्यात जाते. मी एकटा घरी बसू नये म्हणून मलाही नेते. मी तेथे प्रतीक्षागृहात, खिडकीजवळच्या खुर्चीवर, येथील वर्तमानपत्र धरून बसतो. भाषा येत नसल्याने वाचण्याचा प्रश्न उद्भवत नाही. माझाच क्रमांक आधी आहे असे समजून रोगी मला आत जाण्याची खूण करतात. मी मानेने नकार देतो.

तू सांगितलेल्या खाद्यवस्तूबाबत मी तातडीने चौकशी आरंभली आहे. दवाखान्याच्या रस्त्यावर एक मोठे दुकान व मागील गल्लीत पाच-सहा लहान दुकाने आहेत. प्रथम चॉकलेट पाहिले. प्रवासात ते मऊ होते व पुन्हा घट्ट झाल्यावर वर पांढुरका थर येतो. तो अपायकारक नसला तरी देणाऱ्यास शोभत नाही. मधाच्या बाटल्या उत्तम आहेत, परंतु मधात साखरेचा पाक आहे किंवा नाही हे आता मला डोळ्यांनी सांगता येणार नाही आणि प्रयोगशाळा उरलेली नाही. चीजचे नमुने भरपूर आहेत. ओले व दुधाचे पदार्थ विमानतळावर अडवतात असे समजते. मुरंब्यांच्या बरण्या जड आहेत. सुकामेवा आपल्याकडेही मिळतो. दुकानदार चाखण्यासाठी लहान तुकडे देतात. मी ते घेऊन आभार मानतो.

थोडक्यात, निवड झालेली नाही. तुला घाई असल्यास कोणतीही एक वस्तू निवडून टपालाने पाठवण्याची व्यवस्था ठकी करू शकेल. असे सुचवण्याचे आणखी एक कारण आहे. मी येथेच कायमचे राहावे, असे ठकीने परवा जेवताना सुचवले. त्यासाठी लागणारे कागदही तिने मागवले आहेत. मी विचार करतो असे सांगितले. खरे पाहता विचार करण्यासारखे फारसे नाही. तेथे एक खुर्ची आहे, येथेही एक खुर्ची आहे. माझी हरकत नाही. उत्साहही नाही.

तुझ्या यजमानांस नमस्कार. तुझ्या लोभात अंतर पडू नये, ही इच्छा.

तुझा,
दादा

ता. २५ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कणीक मळायची सोडून तशाच हातांनी यजमानांकडे गेले आणि त्यांना तो खुर्चीचा मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, माणूस दोन खुर्च्यांचा हिशेब करायला लागला की त्याला हाताला धरून उठवायचं असतं. मला इतक्या लांबून हात कसा पुरणार? म्हणून पुन्हा लिहायला बसले. पत्राला कणीक लागली असेल तर ती तपासायला पाठवू नकोस.

टपाल चालणार नाही. स्पष्ट सांगते. मागितलेली वस्तू हातात आणून द्यायची असते आणि हातात देताना कारण सांगायचं असतं. पार्सलाला कारण विचारता येत नाही.

आणि आता आडपडदा कशाला ठेवू, दादा? मला तिकडच्या कुठल्या चॉकलेटाचं वेड लागलेलं नाही. मला दोनदा साखरेवरून डॉक्टरांची बोलणी बसली आहेत. मी खाऊ मागितला, कारण तू कुणाचं मागणं अर्धवट ठेवत नाहीस. काहीतरी आणायचं आहे म्हणजे यायचं आहे, एवढाच माझा कावा होता. तू तिकडेच राहिलास तर ठकी तुला नीट सांभाळेल, माझ्यापेक्षा चांगलंच सांभाळेल. पण तू हरकत नाही म्हणून राहणार असशील तर माझी हरकत आहे. राहायचं तर हौसेने राहा. यायचं तर हौसेने ये. हौस नसेल तर निदान माझा खाऊ द्यायला ये. मग इथे बसून तुझ्या खुर्चीचं काय ते ठरवू.

वहिनी असती तर तिने तुला एव्हाना विचारलं असतं, अहो, त्या दुकानदारांनी एवढे तुकडे दिले, त्यातला एक तरी बरा लागला का? तूही मला तेवढंच लिही. मध किती पातळ आणि बरणी किती जड ते नको. एक पदार्थ सांग, जो तोंडात टाकल्यावर दुसरा घ्यावासा वाटला.

इकडे सगळं ठीक. सूनबाई माहेरी गेली आहे, त्यामुळे स्वयंपाक माझ्या गळ्यात आणि टीका यजमानांच्या. असाच जीव लावून राहा.

तुझी,
बाळी

ता. ८ मार्च

चि. सौ. बाळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

पत्र पावले. कणकेचा डाग तिसऱ्या पानावर आहे.

तू विचारलेल्या प्रश्नास मला टाळाटाळीचे उत्तर देता आले असते. मध बरा लागला असे लिहिले असते तर तुझे समाधानही झाले असते. परंतु जे तपासून पाहिलेले नाही त्याबद्दल अभिप्राय द्यायचा नाही, ही सवय नोकरीभर पाळली, ती आता मोडवत नाही. म्हणून वस्तुस्थिती कळवतो. तुझी वहिनी गेल्यापासून मला चव लागत नाही. वासही येत नाही. सुरुवातीस तो जाग्रणाचा परिणाम असावा असे वाटले. नंतर डबा बेचव असावा असे वाटले आणि मी त्या काकूंना उगाच मीठ वाढवण्यास सांगितले. पुढे एकदा तू आलीस तेव्हा माझ्या कपातला चहा चुकून प्यायलीस व तो इतका खारट कसा, असे विचारलेस. त्या वेळी मी किटलीचा दोष सांगितला होता. दोष किटलीचा नव्हता, साखर समजून मी मीठ घातले होते.

येथे ठकीने एका संध्याकाळी सर्व रोगी गेल्यावर मला तिच्या खुर्चीत बसवून दिवा लावला व जीभ, हिरड्या, घसा काळजीपूर्वक पाहिले. नंतर तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडेही नेले. कोठेही काही बिघाड नाही. बिघाड नाही हे सांगताना तिचा चेहरा मात्र बिघाड सापडल्यासारखा झाला होता.

दवाखान्यातील एक गोष्ट सांगतो. दात काढण्यापूर्वी ती जबडा बधिर करते. रोगी बाहेर येतो तेव्हा त्याचा अर्धा चेहरा त्याचा नसतो. त्यास पाणी पिताना ओठ कोठे संपतो ते कळत नाही. तिची मदतनीस प्रत्येकास एकच सूचना देते व ती रोज इतक्या वेळा ऐकली, की त्या भाषेतील तेवढे एक वाक्य मला कळू लागले आहे. जाणीव परत येईपर्यंत काही चावू नका, स्वतःचाच गाल चावला जाईल आणि समजणार नाही. माणसे मान डोलावतात आणि गालाला हात लावून, तो आपलाच आहे ना याची खात्री करत जातात. जाणीव दुपारपर्यंत परत येते, असे ती त्यांना सांगते. मला कोणी काही वेळ सांगितलेली नाही.

अशा स्थितीत आवडलेली वस्तू आणण्याची तुझी अट माझ्याकडून पूर्ण होण्यासारखी नाही. न आवडलेली वस्तू आवडली म्हणून देणे मला शक्य नाही. तेव्हा या मागणीतून तू मला मोकळे करावेस, अशी विनंती आहे. ठकीचे कागद आले आहेत. महिनाअखेर सही करावी लागेल. त्यापूर्वी तुझे उत्तर यावे.

एक किरकोळ बाब. येथे दिवस संपल्याचे कळत नाही. आपल्या घरी ते कळत असे. तुझी वहिनी सर्व आवरून, ओटा पुसून, ओट्याशी उभ्यानेच एक कडक टोस्ट खात असे. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत असे. तो आवाज आला, की आता घरातले काम संपले असे समजून मी खूण घालून पुस्तक मिटत असे. ती बसून का खात नाही, असे मी एकदा विचारले होते. बसून खाल्लं की जेवण होतं, उभ्याने खाल्लं की खाऊ होतो, असे उत्तर मिळाले होते. येथे पुस्तक केव्हा मिटावे हे ठरत नाही, म्हणून वाचन बंद आहे.

यजमानांस नमस्कार. तू जीव लावतेस तो तसाच असू द्यावा.

तुझा,
दादा

ता. १३ मार्च

ती. आत्यास,
ठकीचा साष्टांग नमस्कार.

बाबा आतल्या खोलीत झोपले आहेत म्हणून पटकन लिहिते. त्यांनी तुला त्यांच्या जिभेचं लिहिलं हे मला त्यांनीच सांगितलं. वस्तुस्थिती कळवली, असे त्यांचे शब्द. पण त्यानंतर इथे जे चाललं आहे ते त्यांनी तुला खचितच कळवलं नसणार आणि मला त्याचा काही अर्थ लागत नाही.

झालं असं. मंगळवारी शेवटचा रोगी गेला, मी हात धूत होते. माझी मदतनीस मागच्या छोट्या खोलीत बेसिनपाशी उभी राहून काहीतरी खात होती. दिवसभर तिला बिचारीला घास टाकायला वेळ मिळत नाही. बाबा बाहेर त्यांच्या खिडकीपाशी बसले होते. एकदम खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. बाबा कधी खुर्ची अशी सरकवत नाहीत, उचलून ठेवतात. बघते तर ते त्या खोलीच्या दारात येऊन उभे. ती मुलगी घाबरली. तोंडात घास, हातात अर्धा टोस्ट. बाबा तिच्याकडे नाही, तिच्या हाताकडे बघत होते. मग मला म्हणाले, तिला तिचं खाणं पुरं करायला सांग, माझ्यासाठी थांबू नये. आणि परत बाहेर जाऊन बसले. तिने उरलेला टोस्ट खाल्ला. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा टोस्ट शोधताहेत. मागच्या गल्लीतल्या एकूण एक दुकानात मला नेलं. तुकडा देतात तो तोंडात टाकतच नाहीत. कानापाशी नेतात आणि मोडतात. मग मान हलवतात आणि पुढचा मागतात. एका दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. तो इतक्या मोठ्याने ओरडून भाव सांगायला लागला, की रस्त्यावरची माणसं थांबली. बाबा मला शांतपणे म्हणाले, यांना सांग, मला ऐकू चांगलं येतं, म्हणूनच यांचा माल नापसंत आहे. आता हे मी त्या भाषेत कसं सांगणार होते!

शेवटी कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्या बाईंकडचा टोस्ट पसंत पडला. दोनदा भाजतात, अगदी दगड असतो. त्या बाईंना बाबांनी एक टोस्ट स्वतः खायला लावला आणि आपण दुकानाच्या दाराबाहेर, पाठ करून उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, हाच. मी दातांची डॉक्टर, माझ्या सख्ख्या बापाने अख्ख्या बाजारातून दाढ मोडणारी वस्तू निवडली. तुझ्या दातांचं तू बघ, आत्या.

आणि घरी आल्यावर विचारलं, परतीच्या तिकिटाची तारीख कशी ठरवायची. कागदांचं मी काही बोलले नाही. ते परत कपाटात ठेवले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आत्या, इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच मला काहीतरी विचारलं. नाहीतर मी विचारायचं आणि त्यांनी हरकत नाही म्हणायचं.

आता ते रोज संध्याकाळी तिथून आणलेला टोस्टांचा डबा उघडतात, एक टोस्ट काढतात, कानापाशी मोडतात आणि डबा बंद करतात. खात नाहीत. तुकडे मी पक्ष्यांना घालते. तुला यातलं काही कळत असेल तर मला सांग. आणि त्यांना न्यायला कुणाला तरी पाठव.

तुझीच लाडकी आणि चिडकी,
ठकी

ता. १९ मार्च

चि. सौ. बाळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

माझ्या मागील पत्रातील विनंती मी मागे घेत आहे. तू उत्तर लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

खाद्यवस्तूची निवड झाली आहे. दोनदा भाजलेले टोस्ट, पत्र्याचा एक डबा. पदार्थ कोरडा असल्याने विमानतळावर अडचण येणार नाही. परतीचे तिकीट निघाले असून मी महिनाअखेर घरी पोहोचेन. मला न्यायला कोणी येऊ नये. कारण विचारशील हे माहीत आहे. ते नियमाप्रमाणे डबा हातात देताना सांगेन.

 ठकीला मी, पुढील वर्षी पुन्हा येईन व तेव्हा त्या भाषेतील आणखी काही वाक्ये शिकेन, असे सांगितले. त्यावर ती बराच वेळ माझ्या कोटाची कॉलर नीट करत राहिली. कॉलर मुळात नीटच होती.

तुमच्या सर्वांच्या मायेचा धनी,
दादा

ता. ३० मार्च

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे. पोहोचलास की दाराखाली सापडेल. मी स्वतः दारात उभी राहणार होते, पण काल पायरीवरून पाय मुरगळला आणि घोटा टोपीएवढा सुजला आहे. यजमान म्हणतात, भाऊ येणार म्हटल्यावर हिला पायऱ्या दिसेनाशा झाल्या. तेव्हा आता तूच डबा घेऊन इकडे ये. चार दिवस राहायच्या बेताने ये.

ठकीचं पत्र आलं. तिला अर्थ लागला नाही. मला लागला असं वाटतं. पण मी तो बोलणार नाही. नियम म्हणजे नियम. तू आपल्या तोंडाने कारण सांगितल्याशिवाय मी त्या डब्याला बोट लावणार नाही, मग टोस्ट असोत की तुझं ते मीठ असो.

वाट बघते आहे. असाच आमचा राहा.

तुझी,
बाळी

ता. ३ एप्रिल

चि. सौ. बाळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

मी सुखरूप पोहोचलो. तुझे पत्र दाराखाली होते. घोट्यास गरम पाण्याचा शेक लगेच देऊ नये, आधी थंड पट्टी ठेवावी. कुंडी जिवंत आहे. मी लगेच निघणार होतो, परंतु दोन दिवस विलंब झाला. त्याचे कारण लिहितो.

काल सकाळी निघण्यापूर्वी डबा उघडून एक टोस्ट काढला व कानाशी मोडून पाहिला. आवाज आला नाही. तो पुठ्ठ्यासारखा वाकला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सर्व सादळले होते. दोष भट्टीच्या बाईंचा नाही. त्यांनी डबा उत्तम बंद करून दिला होता. मीच तो रोज संध्याकाळी उघडत होतो. ज्याने नोकरीभर दुसऱ्यांच्या मालावर, ओलावा मर्यादेपेक्षा अधिक, असा शेरा मारला, त्याला ही गोष्ट सुचू नये याचे मला आश्चर्य वाटते. आवाज अजून आहे ना, एवढेच मी पाहत होतो.

शिरलेला ओलावा मंद आचेवर घालवता येतो. आम्ही प्रयोगशाळेत तेच करत असू. परंतु त्यासाठी शेगडी हवी आणि शेगडी स्वयंपाकघरात आहे. किटलीवर टोस्ट भाजता येत नाही. मी बराच वेळ बाहेरच्या खोलीत त्यावर दुसरा उपाय शोधला. शेजारी मागता आले असते. शेवटी कडी काढली.

आत सर्व जागच्या जागी आहे. ओट्यावर धूळ होती, ती पुसली. गॅस चालू केला. तवा सापडला. त्यावर टोस्ट पसरून वर झाकण किलकिले ठेवले, म्हणजे वाफ निघून जाईल. फळीवर ते मीठ आहे. बरणी निम्मी भरलेली असून मिठाचा एकच घट्ट खडा झाला आहे. झाकण सैल राहिले असावे. मी ते घट्ट लावले. मग पुन्हा काढून, आतील खडा चमच्याने फोडता येतो का ते पाहत राहिलो. त्या नादात तव्याकडे दुर्लक्ष झाले.

करपल्याचा वास आला म्हणून मी वळून गॅस बंद केला. मग दाराची घंटा वाजली. शेजारच्या बाई सांगायला आल्या होत्या, की तुमच्याकडून काहीतरी करपल्याचा वास येतो आहे. त्यांचे आभार मानून दार लावले. नंतर लक्षात आले, की त्या येण्यापूर्वीच गॅस बंद झालेला होता. म्हणजे वास मला आधी आला होता. ही बाब नोंदवण्याजोगी आहे म्हणून तुला व स्वतंत्र पत्राने ठकीला कळवत आहे. केवळ करपल्याचा वास होता. त्यानंतर साबण, चहा व कुंडीतील माती यांचा वास घेऊन पाहिला, तो आला नाही. चव अद्याप नाही. तेव्हा फार आशा धरू नये.

पहिला घाणा वाया गेला. उरलेले टोस्ट मी तव्यापासून न हलता शेकले व गार झाल्यावर डब्यात भरून डब्याचे झाकण मेणाने बंद केले आहे. आता तो तुझ्याकडे येईपर्यंत उघडणार नाही. त्यापूर्वी एक ओट्याशी उभा राहून खाल्ला. आवाज बरोबर आहे. परंतु तो आपल्याच तोंडात ऐकू आला तर वेगळा वाटतो. तो दुसऱ्या खोलीतून यावा लागतो.

नियमाप्रमाणे कारण तोंडाने सांगायचे, हे मला मान्य आहे. परंतु तेथे सर्वांसमोर मला ते नीट सांगता येईल याची खात्री वाटत नाही, म्हणून लेखी देतो. ते तू स्वीकारावेस. मला ही वस्तू आवडली असे मी म्हणू शकत नाही. ती कशी लागते हे मला माहीत नाही. मात्र ती कोणीतरी शेजारच्या खोलीत खात असताना मला पुस्तक मिटता आले. यापेक्षा अधिक कारण माझ्याजवळ नाही.

मी परवा दुपारच्या बसने पोहोचतो. चार दिवसांचे कपडे व वाचण्यास एक पुस्तक घेतले आहे. एक विनंती आहे. रात्रीचे आवरून झाल्यावर तू स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून एक टोस्ट खावास. मी बाहेरच्या खोलीत बसेन. मला आत बोलावू नये व बाहेर येऊन कसा लागला तेही सांगू नये. घोट्यामुळे उभे राहणे जमणार नसेल तर आपण थांबू. मला घाई नाही. बसून खाल्लेल्याचा आवाज निराळा येतो.

यजमानांस नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या पोहोचण्यापर्यंत व पुढेही पुरवावा.

तुझा,
दादा